वाटीवर नाव कुणाचं?

ठमाबाईंनी एकदा आमच्या घरी वाटीतून अंडं पाठवलं होतं.

आम्ही जैन. आदल्या दिवशी मम्मीने त्यांना स्टीलच्या वाटीतून लापशी दिली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी वाटी परत आली, वर जुन्या लुगड्याची चिंधी झाकलेली. मम्मीने चिंधी उचलली तर आत एक गावठी अंडं, अजून कोमट. तिने वाटी ओट्यावर ठेवली आणि ती मागे सरकली. पप्पा दुकानात निघाले होते, तेही लांबूनच बघत उभे राहिले. शेवटी मी ठमाबाईंना बोलावून आणलं. त्यांनी आमच्या तोंडांकडे पाहिलं, अंड्याकडे पाहिलं आणि कपाळावर हात मारला.

"आगं माजे आई! ह्ये बी चालत न्हाई व्हय तुमाला?"

अंडं पदरात घालून त्या गेल्या आणि थोड्या वेळाने तीच वाटी घेऊन परत आल्या. आता आत लसणाचा गड्डा होता. चातुर्मास चालू होता. मम्मीने जमेल तितक्या नरमाईने सांगितलं, की हेही आमच्यात नाही. ठमाबाई उंबऱ्याशी टेकल्या.

"अंडं न्हाई, लसूण न्हाई, कांदा न्हाई. मंग तुमी खाता तरी काय ओ शेटानी, दुकानातली भांडी?"

नारायणगावच्या पेठेत आमचं भांड्यांचं दुकान होतं आणि घर शेजारच्या वारूळवाडीत. ठमाबाईंची एकच खोली आमच्या परसाला लागून होती. नवरा फार पूर्वी गेलेला, मूल नव्हतं. टोमॅटोच्या नाहीतर द्राक्षाच्या बागेत रोजाने जात होत्या, पुढे गुडघ्यांनी साथ सोडली.

रिकामं भांडं परत द्यायचं नाही, हा नियम आमच्याकडच्या सगळ्याच बायका पाळतात. चिमूटभर साखर घालतात आणि सुटतात. ठमाबाई मात्र तो राज्यघटनेसारखा पाळत. दूधवाल्याच्या मापातून त्यांनी चिंचा परत पाठवल्या आहेत. दवाखान्यात औषधाची रिकामी बाटली परत मागत, तर तीत ताक भरून नेलं आणि कंपाउंडरने ते औषध समजून कपाटात ठेवलं. दोन दिवसांनी कपाट वासाने उघडावं लागलं. डॉक्टर रागावले तेव्हा ठमाबाई म्हणाल्या, "मोकळी बाटली कशी आनू? मी काय बिनरीतीची हाय?"

कुणाचंही भांडं हातात आलं की त्या आधी काठावरून बोट फिरवत. वाचता येत नव्हतं, पण अक्षरांचे खोदलेले ओरखडे बोटाला लागत. मग मला हाक यायची.

"बेबी, बघ गं. नाव कुणाचं घातलंय?"

हे काम माझ्याकडे असायचं कारण होतं. मी इंग्रजी शाळेत, वसतिगृहात शिकले. गावात सुट्टीपुरती यायची, आणि आले की लोकांशी काय बोलावं ते कळायचं नाही. दुकानात पप्पांनी मला नावं घालायच्या मशीनवर बसवलं होतं. मशीन घर्र करत असताना कुणी बोलायची अपेक्षा करत नाही. 'चि. सौ. कां. हिस मामाकडून' असली अक्षरं कोरत माझं मराठी भांड्यांवर घडलं.

मग ठमाबाईंना पगार सुरू झाला. निराधार बायकांना सरकार दरमहा काही पैसे देई, त्याला आमच्याकडे कुणी अनुदान म्हणत नाही, पगारच म्हणतात. वाडीतले पुढारी सोपाननाना यांनी त्यांना तहसीलला नेऊन ते काम करून दिलं होतं. पहिल्या पगाराची वस्तू म्हणून ठमाबाईंनी आमच्या दुकानातून एक वाटी घेतली. मी विचारलं, नाव कुणाचं घालू? बायका बहुतेक नवऱ्याचं सांगतात.

"माजंच घाल. पगार माज्या नावानं आलाय न्हवं?"

मी 'ठमाबाई' असं मोठ्या अक्षरांत कोरलं. त्यांनी बोट फिरवून पाहिलं आणि म्हणाल्या, "लई झालं की गं."

पगार मनीऑर्डरने येई. पोस्टमन खंडूभाऊ पिंपरी पेंढारचे, उंच आणि थोडे वाकलेले. गल्लीच्या तोंडापासूनच ओरडत, "ठमाबाई, पगार आला!" ठमाबाई दारात गोधडीची घडी टाकत. खंडूभाऊ बसत, अंगठा घेत, शाई पुसायला कागद देत, चहा पीत, आणि पुढच्या घरांची टपालं पिशवीत तशीच ठेवून गावोगावच्या बातम्या सांगत. कुणाची मुलगी दिली, कुणाची म्हैस व्याली, कोण गेलं. मी परसात कपडे वाळत घालता घालता ऐकायची. निघताना ठमाबाई त्यांच्या खाकी पिशवीत काहीतरी कोंबत. त्या दिवशी पोस्टमनच्या पिशवीतून शेवग्याच्या शेंगा बाहेर डोकावत, त्यावरून सगळ्या वाडीला कळायचं, ठमाबाईंचा पगार झाला.

पण पोस्टमन फक्त आणणारा, हे त्यांना कळत होतं. देणारा दुसरा होता. त्याची वाटी रिकामी कशी परत करायची? ते उत्तर सोपाननानांनीच दिलं. निवडणूक आली तेव्हा दारात येऊन म्हणाले, "आजी, पगार देणाऱ्याला विसरू नका. चिन्ह ध्यानात ठेवा."

ठमाबाईंना एकदम मोकळं वाटलं असणार. परत द्यायला त्यांच्याकडे एक वस्तू निघाली.

मतदानाला त्या नानांच्या जीपमधून आल्या. शाळा त्यांच्या घरापासून हाकेच्या अंतरावर होती, तरी जीपची वाट बघत अर्धा दिवस नटून बसल्या होत्या. माझंही पहिलंच मतदान होतं, मी त्यांच्या मागे रांगेत होते. कागद हातात मिळाल्यावर त्या आडोशाला गेल्याच नाहीत. टेबलापाशीच उभ्या राहून सगळ्या खोलीला ऐकू जाईल असं म्हणाल्या, "ह्ये माजं मत सोपाननानाला! ल्ह्या!"

मतदान केंद्रावरचे साहेब खुर्चीवरून उठले. "आजी, मत गुप्त असतं. आत जा, शिक्का मारा, बोलू नका."

"चोरून कशापायी? मी काय पाप करती का? ज्यानं दिलं त्याला कळाय नको?"

खोली हसली. साहेबही हसले. त्यांना आडोशामागे नेलं, तिथूनही आवाज आला, "मारला बरं का शिक्का, नाना!"

काही वर्षांनी वरचं सरकार बदललं. तोवर मी शिक्षण संपवून कायमची गावात आले होते. पगार तसाच येत राहिला. आता दुसऱ्या पक्षाची पोरं येऊन सांगायला लागली, "आजी, आता आमचं सरकार पगार देतंय, जुन्यांचा काय संबंध?" ठमाबाई गोंधळल्या. खंडूभाऊंना विचारलं, मनीऑर्डरवर नाव कुणाचं घातलंय? ते म्हणाले, तहसीलदार कचेरीचं.

"त्ये तहसीलदार उभं ऱ्हातात का इलेक्शनला?"

"नाय बा."

"मंग त्येंची वाटी परत कशी करायची?"

दुपारी त्या दुकानात आल्या. मी मशीन बंद केलं. त्यांना वाटायचं, इंग्रजी शाळेत हे शिकवत असतील. मी जे येत होतं ते सांगितलं. सगळ्यांकडून कर गोळा होतो, पप्पांकडूनही, तुम्ही काडेपेटी घेता त्यातूनही. त्यातून पगार येतो. कुणाला काही परत द्यायचं नसतं, आजी.

एवढं सलग मी गावात कधी बोलले नव्हते. ठमाबाई माझ्याकडे बघत राहिल्या.

"परत द्यायचं नसतं ती भीक, बेबी. मी कधी भीक घेतली न्हाई." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "माज्यापाशी मत तेवढंच हाय. त्ये बी नको म्हनली, तर मी वाटीत घालू काय?"

मी मशीन पुन्हा चालू केलं.

त्या निवडणुकीत त्यांनी मत पुन्हा नानांनाच दिलं. पहिली वाटी नानांनी दिली होती, एवढं तरी त्यांना नक्की माहीत होतं. त्याच्या पुढच्या खेपेलाही तसंच.

मग पगार बँकेत गेला. निराधारांची खाती काढली, फोटो लागले, पासबुकं आली. वाडीत सगळ्यांना बरं वाटलं. काही गावांत टपालवाले पैसे देताना मधले कापून घेत, ते आता थांबणार होतं. आमचे खंडूभाऊ तसले नव्हते. ते स्वतः सांगायला आले. ठमाबाईंनी गोधडी टाकली, पण ते उभेच राहिले. "आता नारायणगावला बँकेत जायचं, आजी. आमचं काम संपलं." त्यानंतर खंडूभाऊ गल्लीतून जात, हात वर करत, पण थांबत नसत. थांबायला काही कारणच उरलं नव्हतं. ठमाबाईंना पत्र कोण लिहिणार? गोधडीची घडी कधीकधी दारात दिसायची, संध्याकाळी आत जायची.

त्या वर्षी निवडणुकीआधी सोपाननाना आले, तेव्हा मी परसातच होते. मला त्यांचं बोलणं सरळ ऐकू येत होतं.

"काय आजी, ध्यानात हाय ना? पगार कुणामुळं चालू झाला?"

"तुमच्यामुळं, नाना. मी कवा न्हाई म्हनलं?"

"मग झालं तर."

"तेवढं पोस्टमनला परत लावा. मत तुमचंच."

नानांना आधी कळलंच नाही. "पोस्टमन? त्याचं काय? आता थेट खात्यात पडतंय. उलट पगार वाढवायचं बघतोय आम्ही."

"वाढवू नका. हाय त्येवढाच धाडा, पर मान्साच्या हातानं धाडा."

बरोबरची पोरं हसली. एक जण म्हणाला, "आजी, लई बोलू नका, न्हाईतर हाय तो बी बंद हुईल." नाना हसले नाहीत, पण त्याला गप्पही केलं नाही. त्यांनी घड्याळ बघितलं.

मग ठमाबाईंचा आवाज आला, अगदी शांत. "नाना, तुमी एकदा वाटी दिली. मी दर इलेक्शनला भरून परत केली. एका वाटीला कितींदा वाटी?"

मतदानाच्या दिवशी जीप त्यांच्या दारात आली आणि रिकामी गेली. ठमाबाई चालत आल्या, मध्ये दोनदा कठड्यावर बसत. मी पुन्हा मागेच होते. आता कागद आणि शिक्का नव्हता, मशीन होतं. नानांची पोरं दाराबाहेर कान देऊन उभी होती. सगळ्यांनाच ठमाबाईंचा आवाज माहीत होता. त्या पुठ्ठ्यामागे गेल्या. बराच वेळ काही नाही. मग मशीनची लांब शिट्टी वाजली आणि त्या बाहेर आल्या, काही न बोलता.

"कुणाला दिलं, आजी?" पोरांनी विचारलं.

"गुप्त असतं म्हनं," ठमाबाई म्हणाल्या आणि चालू लागल्या.

वाटेत मला एवढंच म्हणाल्या, "त्या मशीनच्या पल्याड कुनी असतं का गं?"

पुढच्या महिन्यात पगार आला नाही. बँकेत जाऊन आलेल्या एकीने सांगितलं, अजून आलं नाही, ठमाबाईंचं तर नावच कापलं असेल. गल्लीत सगळे तेच बोलू लागले, तोंडावर कुणी नाही. ठमाबाईंनी विचारायला जाणंच टाळलं. मम्मीने खीर पाठवली तर वाटी दारातून परत आली, तशीच भरलेली. "आज नको, शेटानी." दुसऱ्या दिवशी भात, तोही परत. मम्मी ओट्याशी उभी राहिली. "तिच्याकडे परत घालायला काही नसेल गं," ती म्हणाली. "तू जा बँकेत तिच्याबरोबर. तुला लिहिता-वाचता येतं."

बँकेत अनोळखी माणसाला काही विचारणं माझ्या जिवावर येतं. पण गेले. ठमाबाई धुतलेलं लुगडं नेसून निघाल्या. हातात फडक्याची पुरचुंडी होती. आत काय आहे ते मी विचारलं नाही.

पगार आला होता. आठवड्यापूर्वीच. सगळ्यांचाच उशिरा झाला होता, नाव कुणाचंही कापलं नव्हतं. मी तीनदा विचारलं, कारकून तिसऱ्यांदा चिडला. मी ठमाबाईंना सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि भिंतीला हात लावून क्षणभर उभ्या राहिल्या. तेवढ्यात मला कळलं, गेला महिना त्यांनी कसल्या धास्तीत काढला होता.

पैसे हातात आल्यावर त्यांनी पुरचुंडी सोडली. आत त्यांची नाव घातलेली वाटी होती, भुईमुगाच्या उकडलेल्या शेंगांनी काठोकाठ भरलेली. कुठून आणल्या होत्या कोण जाणे. त्यांनी ती खिडकीच्या काचेखालच्या फटीशी नेली. फट नोटांपुरतीच होती. वाटी आडवी करून बघितली, दोन शेंगा पलीकडे पडल्या. आतल्या माणसाने त्या बोटाने बाजूला केल्या. "आजी, हे काय? चला, पुढचे या."

"भाऊ, तुमाला हायेत."

"पुढचे या."

ठमाबाईंनी वाटी पुन्हा फडक्यात बांधली. त्यांची वाटी भरलेली परत आल्याचं मी पहिल्यांदाच पाहिलं. बाहेर पायरीवर त्या बसल्या. मला वाटलं, आता घरी जायचं. पण त्या म्हणाल्या, "बेबी, पोस्टात जाऊ."

"पोस्टात काय आहे?"

"मनीआर्डर करायचीय."

मला वाटलं, कुणी नातेवाईक निघाला. पोस्टात मी फॉर्म घेतला आणि विचारलं, कुणाला? त्यांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं.

"मला."

मी पेन खाली ठेवलं. "आजी, पैसे तर तुमच्या हातातच आहेत. वर कमिशन जाईल."

"जाऊ दे. त्येच्या येन्याचं भाडं."

मग मला समजलं. खंडूभाऊंना आता थांबावंच लागणार होतं. मी पत्ता घातला, ठमाबाई, वारूळवाडी. खालच्या रकान्यापाशी थांबले. पाठवणाऱ्याचं नाव.

ठमाबाईंनाही हा प्रश्न आधी सुचला नसावा. "माजं घातलं तर खंडूभाऊ हसंल," त्या म्हणाल्या. थोडा विचार करून, "सरकारचं घातलं तर नाना येतील." मग माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "तुजं घाल."

"माझं? पण पैसे तर..."

"घाल गं. तुजं नाव असलं म्हंजी मला वाटी घिऊन तुज्याकडं यायला बरं पडंल."

मी माझं नाव घातलं.

दोन-तीन दिवसांनी गल्लीच्या तोंडापासून हाक आली, "ठमाबाई, मनीआर्डर!" मी परसातल्या दोरीशी थांबले. गोधडी झटकल्याचा आवाज आला.

"कुनी धाडली बघा की," ठमाबाई म्हणाल्या, जणू त्यांना काहीच माहीत नव्हतं.

खंडूभाऊंनी माझं नाव वाचलं. "म्हंजी ही भांड्यावाल्यांची बेबी? ही तर पल्याडच ऱ्हाती." मग पिशवी खाली ठेवल्याचा आवाज आला. त्यांना कळलं असावं. "साखर जरा जास्त टाका," ते म्हणाले, आणि बसले.

संध्याकाळी आमच्या दारात ठमाबाई उभ्या होत्या, वाटी दोन्ही हातांत धरून. आजवर त्या नेहमी मम्मीला हाक मारत. आज विचारलं, "बेबी हाय का?" वाटीत भाजलेले हरभरे होते, आमच्यात चालणारे. "तू पगार धाडला न्हवं," त्या गंभीरपणे म्हणाल्या. मी वाटी घेतली. काठावर माझीच अक्षरं बोटाला लागली.

कुणाच्या घरी आपणहून जाणं मला कधी जमलेलं नाही. दुसऱ्या दिवशी वाटी धुऊन मी फडताळासमोर खूप वेळ उभी राहिले. शेवटी गूळ आणि शेंगदाणे घातले, वर चिंधी झाकली आणि परसातून पलीकडे गेले.

दारात गोधडीची घडी टाकलेली होती. खंडूभाऊंचा तो दिवस नव्हता.